बाळूसारखं चित्र

थोरल्या ताईची दोन स्थळं बाळूला पाहून परत गेली, तेव्हा आई दोन दिवस जेवली नाही. बाळू आमचा धाकटा भाऊ, डाउन सिंड्रोम असलेला. घरातली पहिली पदवीधर मी, याचा मला अजूनही अभिमान आहे. म्हणून तिसऱ्या स्थळासाठी ताईचा बायोडाटा मीच लिहायला बसले.

बाबा म्हणाले, “भावंडांत तुझं एकटीचंच नाव घाल, पोरी.”

मी तसंच लिहिलं. ताईच्या लग्नात बाळू मावशीकडे होता.

परवा मी शिकवते त्या शाळेत पुस्तकांचं खोकं आलं. त्यातल्या एका चित्रांच्या पुस्तकात एक मुलगी बाळूसारख्याच चेहऱ्याच्या भावाचा हात धरून शेजारणीला सांगते, “हा माझा भाऊ.” एवढं साधं वाक्य. आम्हाला ते कुणी शिकवलं नाही, असं म्हणून सुटता येईल. पण हे काय शिकवावं लागतं? बाळू जाऊन सहा वर्षं झाली. पुस्तक आता येऊन त्याला काय उपयोग?

तरी चौथीच्या वर्गात मी ते वाचलं. एका पोरीनं विचारलं, “बाई, तुमाला हाय का भाऊ?”

“होता. असाच होता. बाळू.”

चारचौघांत त्याचं नाव मी पहिल्यांदा घेतलं.