पुलावरचा नमस्कार

गाडी चालवताना नदीवरचा पूल आला, की नदीकाका दोन्ही हात स्टिअरिंगवरून काढून नमस्कार करत. शेजारी बसलेल्या काकू तेवढ्यापुरतं डाव्या हाताने स्टिअरिंग धरत. दोघांचं चाललेलं बोलणं मात्र थांबत नसे. मागच्या सीटवर, शिकायला ओहायोत नव्याने आलेली मी जीव मुठीत धरून बसलेली असे.

जन्मभर धरणांची गणितं केलेला हा वर्ध्याचा इंजिनियर रिटायर झाल्यावर ओहायोतल्याच डब्लिन गावाजवळच्या एका लहानशा नदीच्या नादी लागला होता. दर रविवारी आम्हा विद्यार्थ्यांना पोह्यांची लालूच दाखवून ते काठावर नेत. उथळ पाण्यातले शिंपले लांबूनच दाखवत. हात पुढे केला की म्हणत, "यार, ते घरी आहेत. आपण पाहुणे आहोत."

या देशात काही नद्यांना सरकार वारसा म्हणून मान्यता देतं. मग त्यांच्यावर धरण बांधता येत नाही, काठही जपावे लागतात. आमच्या नदीच्या वरच्या भागाला ही मान्यता मिळावी म्हणून काकांची धडपड चालली होती. कारण तिथेच बांध घालून तळं करायचं आणि भोवती मोठी घरं उठवायची, असं एका बिल्डरच्या मनात होतं. तसं झालं असतं तर खालचे शिंपले संपले असते. काकांना दुसरा विषयच उरला नव्हता. पंगतीत त्यांच्या शेजारी बसायला लोक टाळत, आणि खरं सांगायचं तर कधीकधी मीही टाळत असे.

एका वर्षी आमच्या मंडळाने ठरवलं, की प्लॅस्टिकच्या टबात पुरे झालं, आता बाप्पाचं खऱ्या नदीत विसर्जन करायचं. ढोल, लेझीम, नऊवाऱ्या सगळं काठावर पोचलं, तर वाटेत काका उभे. मूर्ती शाडूची आहे, काही होत नाही, असं अध्यक्षांनी परोपरीने समजावलं.

"बाप्पाला काही होत नाही रे," काका म्हणाले, "पण शिंपल्यांच्या नाकातोंडात माती जाते त्याचं काय?"

शेवटी काकांच्या अंगणात, नातवाच्या फुगवायच्या पूलमध्ये विसर्जन झालं आणि ते गढूळ पाणी मॅपलच्या बुंध्याशी ओतलं गेलं. अध्यक्ष महिनाभर काकांशी बोलले नाहीत.

पुढे मान्यतेबद्दल लोकांचं म्हणणं ऐकायला सरकारी अधिकारी आले. शाळेच्या जिममध्ये सभा भरली. बिल्डरचा वकील छान बोलला. मग काका उठले. रात्रभर घोटलेलं भाषण ते विसरले आणि आपल्या वर्धा वळणाच्या इंग्रजीत एवढंच म्हणाले, "मी आयुष्यभर नद्या अडवल्या. ही एक तरी वाहू द्या." पहिली टाळी मागच्या रांगेतून आली. वळून पाहिलं तर मंडळाचे अध्यक्ष. मला तेव्हा रडू आलं, ते लपवायचं कारण नाही.

निर्णय यायच्या आधीच, हिवाळ्यात काका गेले. रक्षा त्यांच्या लाडक्या नदीत सोडावी असं सगळ्यांनाच वाटत होतं. काकू शांतपणे म्हणाल्या, "शिंपल्यांनी काय घोडं मारलंय?" आणि त्यांनी रक्षा मॅपलखाली पुरली. त्या वसंतात झाडाला पालवी नेहमीसारखीच आली, पण मला ती जास्त हिरवी दिसली.

त्याच वसंतात मान्यता मिळाली. बांध बारगळला. पुलाच्या तोंडाशी नदीचं नाव आणि तिला मिळालेला मान सांगणारी पाटी लागली. आता दर रविवारी मीच नव्या मुलांना काठावर नेते, आणि पोहेही मलाच करावे लागतात.

परवा काकूंबरोबर भाजी आणायला निघाले होते. गाडी त्या चालवत होत्या, मी शेजारी. भेंडी हल्ली कुठे कोवळी मिळते, हे त्या सांगत होत्या. पूल आला. पाटी दिसताच काकूंनी स्टिअरिंग सोडून दोन्ही हात जोडले. भेंडीबद्दलचं बोलणं थांबलं नाही. मी डावा हात पुढे करून स्टिअरिंग धरलं.