आजोबांना आडवं नेण्याचा ठराव

राज्यशास्त्र घेऊन बी.ए. झालेली आमच्या घराण्यातली मी पहिली. खरं तर कुठलंही शास्त्र घेऊन काहीही झालेली मी पहिलीच, पण राज्यशास्त्र म्हटलं की जरा वजन येतं, म्हणून सांगते. शेवटच्या वर्षी पेपरात प्रश्न आला होता: देशादेशांमधलं आक्रमण रोखायला जागतिक शांतता संघटना कमी का पडतात? मी पुरवणी मागून उत्तर लिहिलं. मार्कही चांगले पडले. घरी आल्यावर आईने विचारलं, "मग का पडतात?" मी सांगायला लागले, तर म्हणाली, "बरं बरं, आधी कुकर बघ."

त्या उत्तराचं प्रात्यक्षिक मात्र आमच्याच बोळात झालं.

घाटकोपरच्या डोंगरावर आमची बैठी चाळ होती. समोरासमोर खोल्यांच्या दोन रांगा, मध्ये बोळ आणि बोळाच्या मधोमध फरश्या टाकून झाकलेलं गटार. प्रत्येक दारापुढे एक ओटला. त्यावर भांडी घासायची, तांदूळ निवडायचे, संध्याकाळी गप्पा मारायच्या. दर वर्षी गणपतीच्या आधी ओटल्यांना नवं सिमेंट लागायचं आणि दर वर्षी प्रत्येक ओटला थोडा पुढे सरकायचा. "जुन्याला नवं धरत नाही ना, म्हणून एक वीट पुढे घेतली," हे सगळ्यांचं ठरलेलं वाक्य होतं. एक वीट कोणी मोजत नसे, कारण ज्याने मोजायची त्याचीही एक वीट पुढे असे.

आमच्या समोरच्या काकांनी त्या वर्षी एकदम तीन विटा घेतल्या. आणि त्यांची खोली नेमकी वळणावर, जिथून बोळ पायऱ्यांकडे वळतो. वडिलांनी विचारलं तर म्हणाले, "पावसाचं पाणी घरात शिरतं. माझ्या घराच्या संरक्षणाचा प्रश्न आहे." मी आतून ऐकत होते. माझ्या पुस्तकातला प्रत्येक आक्रमक देश हेच म्हणत होता.

आमच्या घरात याचा सगळ्यात जास्त धसका घेतला आजोबांनी. आजोबा गिरणीत साचेवाले, म्हणजे माग चालवणारे होते, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. तब्येत ठणठणीत, जेवण दोन माणसांचं. पण मागच्या पावसाळ्यात वरच्या अंगाच्या एका म्हातारीची तिरडी बोळात अडली होती. शेवटी तिला दोघांनी उभी धरून खाली नेली, बाजारातून कपाट आणावं तशी. आजोबांनी ते पाहिलं आणि तेव्हापासून रोज काठी आडवी धरून ते बोळाची रुंदी बघायचे. समोरचा ओटला वाढला त्या दिवशी जेवताना म्हणाले, "माका उभो न्हेतलास काय?"

"काहीतरीच काय बोलता!" आई म्हणाली.

"गिरणीत जन्मभर उभो रवलंय. आता तरी माका आडवो न्हेवा रे."

विषय मंडळाकडे गेला. आमचं चाळ सुधारणा मंडळ पाच घरांनी काढलं होतं. डोंगरावर पहिला नळ याच पाच घरांनी खटपट करून आणला, म्हणून नियम असा होता की पाचही जण हो म्हणाले तरच ठराव पास. समोरचे काका त्या पाचांतले. आम्ही मागून आलेले, म्हणजे आम्हाला फक्त बोलायचा हक्क. मी पदवीधर म्हणून मला चिटणीस केलं होतं. पाचांनी बोलायचं, मी लिहायचं.

बैठक अध्यक्षांच्या ओटल्यावर भरली. तो इतका रुंद होता की त्यावर एक खाट आणि वर आम्ही सगळे मावलो. मी ठराव वाचला: समोरच्या खोलीचा ओटला मूळ जागी न्यावा.

"हरकत," समोरचे काका म्हणाले.

"काका, विषय तुमच्याच ओटल्याचा आहे. यात तुम्ही कसं मत देणार?"

"का गं? मी पाचातला नाय? कॉलेजात हेच शिकवलं काय?"

खरं सांगायचं तर हेच शिकवलं होतं. जगाच्या संघटनेतल्या पाच बड्या देशांचंही असंच चालतं. मी 'हरकत' लिहून घेतली.

मग ठराव पातळ होत गेला. 'न्यावा'चं 'नेण्याचा विचार व्हावा' झालं. मग 'मंडळ चिंता व्यक्त करते' आणि शेवटी 'मंडळ दोन्ही बाजूंना शांततेचं आवाहन करते'.

"दोन्ही बाजू?" वडील उसळले. "आम्ही काय केलं?"

"तक्रार केलीत ना," अध्यक्ष म्हणाले.

बाकीचे तिघे वर पत्र्याकडे बघत होते. आज याचा ओटला फुटला तर उद्या आपल्यावर पाळी, हे गणित त्यांना माझ्याआधी जमलं होतं.

तरी काहीतरी केल्यासारखं दिसायला हवं, म्हणून मंडळाने त्या ओटल्यापुढे चुन्याची एक रेघ मारली आणि तिच्यावर लक्ष ठेवायला दोन वडीलधारे निरीक्षक नेमले. निरीक्षकांनी बसायचं कुठे? वादाच्या जागेवरच. पहिल्या दिवशी समोरच्या काकूंनी त्यांना चहा दिला. दुसऱ्या दिवशी पत्ते आले. तिसऱ्या दिवशी एक जण दुसऱ्याला म्हणाला, "काय वारा लागतो रे इथे! झकास." आठवड्याने त्यांचा अहवाल मी लिहून घेतला: परिस्थिती शांत आहे, ओटला मजबूत आहे. चुन्याची रेघ एका सरीत वाहून गेली होती, तिच्याबद्दल अहवालात काही नव्हतं.

वडिलांची सहनशक्ती संपली. साकीनाक्याच्या त्यांच्या वर्कशॉपमागे जुन्या विटा पडलेल्या असत, त्या ते घेऊन आले. "तो तीन, तर मी चार." विटा रचायला बसले तसे आजोबा बाहेर आले. म्हणाले, "बरा आसा. पायांकडसून तो येता, डोक्याकडसून तू ये." वडिलांनी विटा भिंतीशी लावून ठेवल्या.

पुढच्या बैठकीत समोरच्या काकांचा तोल गेला. "तिरडी जात नाही, तिरडी जात नाही! कोण म्हणतं जात नाही? आरामात जाते."

"नाही जात," वडील म्हणाले.

"जाते!"

अध्यक्षांचा चेहरा उजळला. कोणालाही दोषी न ठरवता करता येईल असं काम सापडलं होतं. "प्रत्यक्ष पाहणी करू." पाचही जण हो म्हणाले. माझ्या कारकिर्दीतला एकही शब्द न बदलता पास झालेला हा एकच ठराव.

रविवारी सकाळी रंगाऱ्याची बांबूची शिडी आणली. चौघांनी खांद्यावर घेतली, वळणावर जरा तिरकी केली आणि काढली.

"गेली ना? वाट लागली ना तुमच्या तक्रारीची!" समोरचे काका टाळ्या वाजवत म्हणाले.

"रिकामी शिडी काय, कशीव जाता," आजोबा म्हणाले. "माणूस घालून बघा."

"माणूस कुठून आणायचा?" अध्यक्षांनी विचारलं.

"मी आसंय मा."

आई ओरडली, वडील आडवे आले, पण आजोबा शिडीवर चादर टाकून स्वतः निजले. हात जोडले, डोळे मिटले. चौघांनी उचलल्यावर एक डोळा उघडून म्हणाले, "हळू रे. पडलंय तर मरान."

वळणावर शिडी तिरकी करायला गेले तर आजोबा घसरायला लागले, म्हणून सरळ केली. सरळ केली तशी ती अडकली. पुढचे मागे सरेनात, मागचे पुढे येईनात, आणि आजोबांचे दोन्ही पाय समोरच्या काकांच्या उंबऱ्याच्या आत गेले.

काकू स्वयंपाक सोडून बाहेर आल्या त्या थेट आजोबांच्या पायांवरच. "अगो बाई! गणपती यायचाय घरात आणि दारात तिरडी!"

"अगं, तिरडी नाही, शिडी आहे," काका म्हणाले. "मंडळाची पाहणी—"

"माणूस निजलाय ना त्यावर? हात जोडलेत ना? पाहणी काय म्हणता!"

आजोबा डोळे मिटूनच म्हणाले, "वास बरो येता. अळूवडी काय गो?"

काकूंनी कपाळावर हात मारला. "आत्ताच्या आत्ता फोडा तो ओटला!"

"मंडळात विषय चालू आहे—"

"मंडळ गेलं खड्ड्यात!"

काकांनी हातोडा आणला. वडिलांनी आमची पहार पुढे केली. दुपारपर्यंत तिन्ही विटा, शिवाय मागल्या वर्षांच्या दोन निघाल्या आणि आजोबांना अळूवड्या मिळाल्या.

अध्यक्ष माझ्याकडे वळले. "लिही, मंडळाच्या प्रयत्नांना यश आलं."

"कुठल्या प्रयत्नांना?"

"लिही गं तू."

तेव्हा आखातात दोन शेजारी देश वर्षानुवर्षं लढत होते. रेडिओवर जगाच्या संघटनेने चिंता व्यक्त केल्याची बातमी लागली की आमच्याकडे सगळे माझ्याकडे बघून हसायचे. मला तेव्हापासून वाटतं ते साधं आहे. संघटना वाईट नसते, ती ओटलेवाल्यांचीच असते. आणि मोठ्या देशांच्या दारात कोणाचे पाय येत नाहीत. ज्यांना उचलून न्यायचं ती माणसं लांब कुठल्या तरी दुसऱ्या बोळात असतात, म्हणून घरातून कोणी ओरडत बाहेर येत नाही. माझ्या पुरवणीत हे नव्हतं. असतं तर आणखी मार्क पडले असते असं मला अजून वाटतं.

आजोबा त्यानंतरही काही वर्षं जगले. दर गणपतीआधी काठी घेऊन वळणावर उभे राहायचे आणि गवंड्याला सिमेंट कुठपर्यंत लावायचं ते दाखवायचे. समोरचे काका त्यांच्यासाठी खुर्ची काढून द्यायचे.

गेले ते भर दुपारी, जेवून. तेव्हा बायका दारापर्यंतच जात. मी आईला धरून उंबऱ्यात उभी होते. पुढचा एक खांदा वडिलांचा, दुसरा समोरच्या काकांचा. वळण आलं. "जरा उजवीकडे... घ्या, घ्या," कोणीतरी म्हणालं आणि आजोबा सरळ, आडवे, जरासुद्धा न कलंडता वळले.

पायऱ्या उतरताना समोरचे काका रडत होते. डोळे खांद्याला पुसत वडिलांना म्हणाले, "बघितलंस ना? मी तेव्हाच सांगत होतो, आरामात जाते."