इंदूताईंना न ऐकवलेला शेवट

मी इंदूताईंना चार वेळा मारलंय.

आज सकाळी त्या खरंच गेल्या आणि मला अजून पटत नाहीये. टायपिंगच्या चुका सांभाळून घ्या.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमचा बायकांचा नाटकाचा ग्रुप आहे. लिहायचं मी, लाइट्स रुखसानाकडे, आणि मेन रोल कायम इंदूताईंचा.

छावणी भागात ब्लाउज शिवायच्या त्या. भीमजयंतीच्या कार्यक्रमांत गाऊन गाऊन कमावलेला आवाज. आमच्या हॉलमध्ये त्यांना माइक लागलाच नाही कधी.

बायकांच्या गोष्टी लिहिते म्हणून मी जाम मिरवायचे. पहिल्या नाटकात इंदूताईंना विहिरीत ढकललं. दुसऱ्यात जाळलं. तिसऱ्यात बाळंतपणात नेलं. चौथं संगीत नाटक, त्यात गाता गाता मारलं.

लोक रडायचे. मला बक्षिसं मिळायची.

मरणाचा सीन झाला की ब्लॅकआउट. रुखसाना लाइट घालवायची. मी विंगेतून अंधारात धावत जायचे आणि इंदूताईंना हात द्यायचे, कारण त्यांचा गुडघा दुखायचा. लाइट परत यायच्या आत त्यांना उठवून आत न्यायचं.

चौथ्या नाटकात मेल्यावर त्यांना आठ मिनिटं तसंच पडून राहावं लागायचं. बाकीच्या बायका भोवती बसून लांबलचक गाणं म्हणायच्या. माझीच हौस.

एका प्रयोगाला मी अंधारात हात धरला, तर उठेनातच.

ओढलं. हलवलं. कानाशी वाकून हाक मारली.

मग डोळे किलकिले करून म्हणाल्या, "संपलं का गं?"

झोपल्या होत्या!

आत आल्यावर मी ओरडले, तर उलट मलाच झापलं. "सकाळपासून मशीनवर बसलेली बाई हाय मी. आठ मिनिटं आडवं व्हायला मिळालं तर झोपू नाय तर काय करू?"

मग मेकअप पुसता पुसता एकदम गंभीर झाल्या.

"माझा नवरा सोडून गेला तवा मी मेले का? नाय ना. दोन पोरी वाढवल्या, मशीन चालवली, गाणी म्हणली. लई हसले पण. मग तुझ्या नाटकातली बाईच का मरती दर डावाला?"

मी काहीतरी फेकलं. समाजातलं वास्तव वगैरे.

"वास्तव नाय अन् काय नाय. तुला शेवट जमत नाय, म्हणून मारतीस."

फार लागलं मला ते. दोन आठवडे मी त्यांना फोन केला नाही. एवढी माझी अक्कल.

पण बाई खरं बोलली होती.

म्हणून पाचवं नाटक लिहायला घेतलं. ब्लाउज शिवणाऱ्या बाईचं, भरपूर गाण्यांचं. सगळं भराभर झालं आणि शेवटावर गाडी अडली. काही केलं तरी शेवटच्या प्रवेशात ती बाई आपोआप खोकायलाच लागायची, शप्पथ.

गेल्या आठवड्यात जमलं एकदाचं.

बाई मरत नाही. संध्याकाळी दुकानाचं शटर ओढते, कोपऱ्यावरून गरम भजी घेते आणि खात खात, स्वतःचंच गाणं गुणगुणत घरी जाते. बास. एवढ्याशा शेवटाला मला वर्ष लागलं.

काल गुलमंडीजवळच्या शाळेत तालीम होती. इंदूताईंनी आल्या आल्या विचारलं, "शेवट झाला का गं? का मारलंस परत?"

पानं माझ्या पर्समध्ये होती.

मी म्हटलं, "नाही हो ताई, अजून नाही झाला."

कारण मला रविवारी सगळ्यांसमोर वाचायचा होता. त्यांचा चेहरा बघायचा होता. सरप्राइज द्यायचं होतं. डोंबल माझं सरप्राइज.

माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "कर सावकाश. पण ह्या डावाला जगू दे गं मला."

मी हसले. खरंच हसले मी.

आज सकाळी रुखसानाचा फोन. "दीदी, इंदूताई चले गए."

मी विचारलं, "कहाँ गए?"

ती रडायलाच लागली. "मशीन पे बैठे बैठेच, दीदी."

हार्ट अटॅक. डॉक्टर येईपर्यंत सगळं आटोपलं होतं.

घरी गेले तर खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. मशीनवर कुणाच्या तरी ब्लाउजची एक बाही तशीच अर्धी, सुई कापडात. आणि खाली सतरंजीवर इंदूताई.

मी सरळ जाऊन बसले आणि त्यांचा हात धरला. सवयीनं. थोडा ओढलासुद्धा.

आता म्हणतील, संपलं का गं. मी वाट बघत होते. वेडी म्हणा हवं तर, पण सगळ्या बायका रडत होत्या आणि मी वाट बघत होते.

हात गार होता.

त्यांची धाकटी मुलगी माझ्याकडे बघत होती. शेवटी रुखसानानं माझी बोटं एकेक करून सोडवली. "दीदी, छोड़ दो अब."

पर्स माझ्या खांद्यालाच होती. पानं आत. काढायचा धीर झाला नाही.

आता घरी येऊन बसलेय. भावपूर्ण श्रद्धांजली असं दोनदा टाइप केलं आणि दोनदा खोडलं. त्या शब्दांच्या पुढे त्यांचं नाव लावता येत नाहीये.

इंदूताई, मी काल खोटं बोलले. शेवट झाला होता.

ती बाई जगते, ताई.

जयभीम.