रोहिदासच्या नकाशातली रिकामी जागा

रोहिदास बेकार नव्हता.

गेल्या वर्षी याच दिवशी, स्मशानाच्या गेटबाहेर, आमच्या सोसायटीतले एक सद्गृहस्थ मला म्हणाले, "काकू, त्याला नोकरी नव्हतीच ना? दिवसभर घरीच असायचा."

म्हटलं, "तुम्ही दिवसभर वॉचमनच्या खुर्चीवर असता. त्याला काय म्हणायचं?"

तेव्हापासून ते माझ्याशी बोलत नाहीत. तेवढीच शांतता.

रोहिदास मूळचा अंबरनाथजवळच्या पालेगावचा, आगरी. बदलापुरात शिरगावला आमच्या वरच्या मजल्यावर राहायचा आणि लोकांच्या वेबसाइट बनवायचा. फ्रीलान्स. चाळिशी नुकती ओलांडली होती. हार्ट अटॅक.

आणि मी त्याची टेस्टर होते. हसू नका.

नवी साइट झाली की फोन घेऊन खाली यायचा. चहा मागायचा, फोन माझ्या हातात द्यायचा आणि गप्प बसायचा. एक अक्षर बोलायचा नाही. फक्त माझ्या अंगठ्याकडे बघायचा.

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. सिस्टर्सनी गप्प बसायला शिकवलं, पण ते मला जमलं नाही.

"अरे गाढवा, ऑर्डर कुठून द्यायची? हा फोटो दाबतेय मघापासून, ढिम्म हलत नाही!"

तो खूश. "सापडलं, काकू."

"काय सापडलं?"

"तुम्ही जिथे शिवी देता, तिथे साइट चुकलेली असते."

तो फोटो होता उल्हासनगर कॅम्प तीनच्या एका जीन्सवाल्या शेठच्या वडिलांचा. चंदनाचा हार घातलेला, अख्ख्या स्क्रीनभर. मी म्हटलं, काढून टाक. रोहिदास म्हणाला, शेठ ऐकत नाहीत. "पहले बाबा, फिर पँट," एवढंच म्हणतात.

दोन दिवस विचार करत होता. मग माझ्याकडे आला तो टाळी मागतच.

"काकू, तुम्ही बाबांनाच दाबलंत ना? सगळे तेच दाबतात. मग बाबांनाच दरवाजा करू."

फोटो तसाच ठेवला. बाबांना दाबलं की आत सगळा माल.

शेठचे डोळे भरून आले म्हणे. "सही है. दुकान खोला भी तो बाबा ने ही था!"

हे काम आहे. घरी बसून करता येतं. कळलं?

अंबरनाथच्या पोळी-भाजीवाल्या ताई, बदलापूरचे दातांचे डॉक्टर, सगळ्यांच्या साइट अशाच माझ्या शिव्या खाऊन उभ्या राहिल्या. त्याला माणसांचं कुतूहल होतं. माणूस बटण सोडून चित्र का दाबतो, म्हातारी माणसं स्क्रीनला बोट लावायला का घाबरतात, हे तो तासन्‌तास विचारायचा.

एक दिवस विचारलं, "काकू, आपल्या बिल्डिंगखाली कुठलं शेत होतं?"

"मला काय माहीत? मी दुसऱ्या मजल्यावर राहते."

"पण शेताला नाव असणार ना."

शेतांना नावं असतात हे मला ठाऊकच नव्हतं. आगरी घरांमध्ये प्रत्येक शेताला नाव असायचं. माणसासारखं. लांबडी. वडाची. म्हातारीचा तुकडा. जमिनी गेल्या, टॉवर आले, आणि ज्या बिल्डरला नीट मराठी येत नाही त्याने टॉवरला फ्रेंच नावं दिली.

रोहिदासने स्वतःसाठी एक साइट सुरू केली. क्लायंट नाही, कोणी सांगितलेलं नाही. पालेगावचा नकाशा. टॉवर दाबा, खालच्या शेताचं नाव येतं. गावातल्या म्हाताऱ्यांकडे जाऊन विचारायचा, मी टाइप करायचे. म्हणून पासवर्ड माझ्याकडेही होता.

नकाशा भरत गेला. एकच जागा रिकामी राहिली.

त्याचं स्वतःचं शेत.

विकलं तेव्हा तो लहान होता, वडील पुढे लवकरच गेले. नाव फक्त आईला माहीत. आणि आई सांगेना. मी एकदा त्याच्याबरोबर गेले होते.

"आये, सांग ना."

"जा रं. जे आपला नाय, त्याचा नाव तोंडात घेव नाय."

"अगं, फक्त नाव."

"नाव घेवून कं भात येनार हाय?"

परत येताना रिक्षात तो हसत होता. म्हणाला, "सांगेल, काकू. घाई नाही."

घाई होती. कोणालाच माहीत नव्हतं.

आज सकाळी पालेगावला त्याच्या वर्षश्राद्धाला गेले. जेवणं झाल्यावर त्याच्या आईशेजारी बसले. तिने कधी ती साइट पाहिलीच नव्हती. मी फोनवर नकाशा उघडला, तिच्या हातात दिला आणि गप्प बसले.

हो, मी. एक अक्षर बोलले नाही. तिच्या बोटाकडे बघत राहिले.

आधी बोट लावायलाच घाबरली. मग एक टॉवर दाबला. "लांबडी," एवढंच मी वाचून दाखवलं. तिने मान हलवली. दुसरा दाबला. तिसरा. मग बोट त्या रिकाम्या जागेवर गेलं. दाबलं. काहीच आलं नाही. पुन्हा दाबलं.

"ह्यो मोकला का?"

मी फोन तिच्या हातातच राहू दिला.

तिने त्या जागेवर पुन्हा बोट टेकवलं आणि म्हणाली, "झोलीचा शेत."

मग सांगत गेली. बांधावर जांभळीचं झाड होतं. लावणीच्या दिवसांत घरातल्या बायका त्या जांभळीला झोळी बांधायच्या. मूल झोळीत, आई चिखलात. सासूने बांधली, हिने बांधली. त्या झोळीत झोपलेलं शेवटचं मूल म्हणजे रोहिदास.

"त्याला कसा सांगू, बाय? तुझी झोलीच इकली म्हून?"

मी तिथेच, तिच्यासमोर, टाइप केलं. झोळीचं शेत. तिने स्वतःच्या बोटाने दाबून खात्री केली.

रोहिदास, तुझी रिकामी जागा भरली रे.

दाबून बघ. चुकलं असेल तर यावेळी शिवी तू दे.

तुझी काकू