बुटांच्या खोलीतला सोमनाथ

वॉलरस हा लांब सुळ्यांचा समुद्री प्राणी सोमनाथने कधी पाहिला नव्हता, पण त्याचा वास त्याला पाठ होता. सडलेली मासळी आणि चार दिवस न झाडलेला गोठा एकत्र केला तर जसा येईल, तसा. पाहुणे किनाऱ्यावरून परत आले की तो वास त्यांच्या रबरी बुटांबरोबर यायचा. बूट धुऊन खुंटीवर लागले तरी सोमनाथच्या नखांत राहायचा.

जहाज लहानसंच होतं. नॉर्वेच्याही उत्तरेला, जिथे उन्हाळ्यात सूर्य मावळतच नाही, त्या बर्फाच्या बेटांभोवती ते फिरायचं. शंभरेक पाहुणे, बहुतेक साठी उलटलेले. पांढरी अस्वलं, वॉलरस, कड्यावर लाखांनी बसणारे पक्षी बघायला आलेले. दिवसातून दोनदा ते रबरी होड्यांतून किनाऱ्यावर उतरायचे. उतरण्याआधी आणि चढल्यानंतर त्यांचे बूट सोमनाथच्या हातून जायचे. बाहेरची माती आणि बाहेरचं बी त्या बेटांवर पडता कामा नये, हा तिथला सगळ्यात कडक नियम. एक दाणा रुजला तरी तिथलं मूळचं गवत संपेल, असं पहिल्याच दिवशी पडद्यावर चित्रं दाखवून शिकवलं होतं. सोमनाथ तळव्यांच्या खाचा तारेने कोरायचा आणि पाहुण्यांच्या खिशांतली धूळ छोट्या मशीनने ओढून घ्यायचा. शिवणीत अडकलेलं कुसळही त्याच्या बोटाला कळायचं. ज्वारीच्या रानात वाढलेल्याला कुसळ कळायला किती वेळ लागतो?

तो बीड जिल्ह्यातल्या चौसाळ्यापासून आत, डोंगराच्या कडेच्या तांड्यासारख्या वस्तीवरचा. आईबाप दर साली ऊसतोडीला जायचे. लहानपणीची निम्मी वर्षं उसाच्या फडात, पाचटाच्या खोपीत गेली. पुढे चौसाळ्याला हायवेवरच्या हॉटेलात कपबशा धुता धुता बारावी केली, पुण्यात हॉटेलकामाचा कोर्स केला आणि एका एजंटामार्फत थेट इथे आला. भांडी धुवायला म्हणून आला होता. बूट धुवायला लागला. हा तिसरा हंगाम.

बंदराला नेटवर्क मिळालं की साखराबाईचा, त्याच्या आईचा, फोन हमखास.

"आज काय निघालं रं सोमा बुटातनं?"

"लेंड्या."

"कशाच्या?"

"हरणाच्या. आपल्या शेळीच्या लेंड्यांवानीच, माय. फरक न्हाई."

"आगं बया! येवढ्या लांब जाऊन लेंड्याच काढतूस व्हय? मग हितं म्हाळूच्या शेळ्या राखाय काय वाईट हुत्या?" ती हसायची. मग आवाज खाली यायचा. "अस्वल दिसलं का?"

"न्हाई."

"कावून रं? ती गोरी मानसं दिसलं म्हनत्यात, तुलाच कावून दिसत न्हाई?"

"ती किनाऱ्याला जातेत. मी जहाजाच्या पोटात असतो."

"मग ये की घटकाभर वर. शेजारची चंद्रभागा लई टोचती. म्हनती, तुमच्या सोमाला अस्वलानं वळखलं का न्हाई अजून? काय सांगू मी तिला?"

"सांग, वळखलं म्हनून."

सोमनाथ हसून फोन ठेवायचा आणि मग खुंटीवरच्या बुटांकडे बघत बसायचा. अस्वलाचं त्याला तेवढं नव्हतं. त्याला होडीचं होतं. होडी किनाऱ्याला लागली की दोन माणसं कमरेइतक्या पाण्यात उतरून ती धरून ठेवायची. त्यातला रोडेल नावाचा फिलिपिनो या हंगामाअखेर कायमचा घरी जाणार होता. त्याची जागा मिळाली तर सोमनाथ बूट धुणारा राहणार नव्हता. खलाशी होणार होता. उजेडात उभा राहणार होता.

जागा मिळायची शक्यताही होती, आणि ती जंगली चेस्टनटच्या झाडाच्या एका बीमुळे. जुलैत एका जर्मन आजीच्या जॅकेटच्या खिशात त्याला एक तपकिरी, गुळगुळीत बी सापडलं. सांधेदुखीवर म्हणून ती वीस वर्षं ते जवळ बाळगून होती. नवऱ्याने दिलेलं होतं. आजी रडली, मग भांडली, "तुझ्यासारख्याला काय कळतंय" असंही म्हणाली. सोमनाथने मान खाली घालून, पण हात पुढे करून ते बी घेतलंच. संध्याकाळी सिग्रीडने, किनाऱ्यावरच्या सगळ्या कामाच्या प्रमुख बाईने, सगळ्यांसमोर त्याचं नाव घेतलं. "माणूस बघून नियम बदलत नाही, असा माणूस मला होडीवर हवा."

रोडेलने पाठीत धपका घातला. "आता तू भिजायला शीक. आणि वॉलरसला माझा नमस्कार सांग."

ऑगस्टच्या शेवटी एका सकाळी सिग्रीडने सांगितलं, "आज तू रोडेलबरोबर. जमलं तर पुढच्या वर्षी जागा तुझी."

वाळूच्या एका लांब जिभेवर साठेक वॉलरस पडले होते, असं वरून कळलं होतं. सोमनाथने पाण्यात उभं राहायची रबरी विजार चढवली. वर कंपनीचं लाल जॅकेट, आणि आत त्याचं स्वतःचं, साखराबाईने बीडच्या बाजारातून आणून अस्तर लावून दिलेलं अर्ध्या बाह्यांचं जॅकेट. मग तो तपासणीच्या रांगेत उभा राहिला. तीन वर्षांत पहिल्यांदा या बाजूला. जहाजाबाहेर पाऊलच न टाकणाऱ्याला आजवर कोण तपासणार होतं?

सिग्रीड हसतच त्याचे खिसे झाडत होती. लाल जॅकेट झालं. आतल्या जॅकेटच्या खालच्या शिवणीवरून तिची बोटं गेली आणि थांबली.

"हे काय?"

सोमनाथ सहज म्हणाला, "ते आईचं आहे."

तो घाबरलाही नव्हता, हे त्याला नंतर आठवत राहिलं. तोडीला निघताना साखराबाई घरातल्या प्रत्येकाच्या कपड्यात एक चिंधी शिवायची; तो जहाजावर निघाला तेव्हा त्याच्या जॅकेटातही शिवली होती. तिची सासूही शिवायची. चिंधीत आपल्या बांधावरची चिमूटभर काळी माती आणि ज्वारीचे पाच दाणे. माती संगं असली की माणूस माघारी येतं, असं तिचं म्हणणं. पहिल्या वर्षी बोट लागून उलट्यांनी तो आडवा झाला, तेव्हा अंगठ्याने ती गाठ चाचपत पडून होता. रोज शेकडो बुटांची माती तो काढत होता, पण ही माती त्याला माती वाटलीच नव्हती.

सिग्रीडने शिवण उसवली. पांढऱ्या ताटलीत काळी चिमूट पडली आणि पाच दाणे टणटणत फिरले.

"हे पेरलं तर उगवेल?"

तो खोटं बोलू शकला असता. "उगवंल," मराठीतच म्हणाला, आणि मग होकाराची मान हलवली.

"त्या बाईचं तू काढून घेतलंस," सिग्रीड हळू म्हणाली. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. "आणि स्वतःचं तीन वर्षं अंगावर ठेवलंस."

रोडेल दुसरीकडे बघायला लागला. सोमनाथच्या जागी स्वयंपाकघरातल्या एकाला घाईघाईने विजार चढवून होडीत उतरवलं. चिंधी जहाजावरच्या भट्टीत जाळायची होती, आणि ती त्यानेच टाकायची होती, कारण कागदावर सही त्याची लागत होती. त्याने टाकली. तासाभराने होड्या परत आल्या आणि नेहमीप्रमाणे बूट त्याच्यासमोर आले. त्या दिवशी वॉलरसचा वास फार होता.

दसऱ्याच्या सुमारास तो घरी आला. साखराबाईने भाकरतुकडा ओवाळून टाकला, पाणी दिलं आणि आधी जॅकेट हातात घेतलं. खालची शिवण उसवलेली.

"चिंधी कुठाय रं?"

"जाळली."

"जाळली? आपल्या रानाची माती?"

"त्यांनी जाळाय लावली. तुझ्या त्या चिंधीपायी माझी होडीवरची जागा गेली, माय. तीन वर्सं बूट धुतलं मी त्या जागंसाठी."

बोलून गेल्यावर त्याला वाटलं, ती रडेल, नाहीतर त्या जहाजवाल्यांना शिव्या तरी देईल. ती जॅकेटची उसवलेली कड बोटावर गुंडाळत राहिली. मग म्हणाली, "मग तू माघारी आलास कसा?"

सोमनाथ उठून बाहेर गेला. महिनाभराने आईबाप तोडीच्या ट्रकमध्ये बसले. आईच्या पदराच्या टोकाला गाठ होती. ट्रकमध्ये चढताना तिचं काही कुणी तपासलं नाही.

एप्रिलमध्ये ते फडावरून परत आले, तेव्हा कंपनीचं पत्र येऊन पडलं होतं. काम होतं, पण होडीवर नाही. बुटांच्या खोलीतही नाही. कपडे धुवायच्या खोलीत, जहाजाच्या अगदी तळाला. पाण्याच्याही खाली. तिथे खिडकी नसते आणि किनाऱ्यावरचं काहीच येत नाही. येतात फक्त चादरी. बारा तास गरम वाफेत उभं राहायचं. दुसरं काम हाताशी नव्हतं, म्हणून त्याने होकार कळवला. घरी मात्र एवढंच सांगितलं, "बोलावलंय परत."

निघायच्या दिवशी साखराबाई दारात सुई-दोरा घेऊन बसली होती. मांडीवर तेच जॅकेट. बाजूला काहीच नव्हतं, ना माती ना दाणे. नुसतीच उसवलेली कड ती बारीक टाक्याने शिवत होती.

"बघ, काय घातलं न्हाई त्यात," ती म्हणाली. "मोकळंच हाय. शपत. पर संगं ने. थंडीत मरशील."

"ऱ्हाऊ दे, माय."

"कावून?"

"नगं यंदा. तिथं लई उकडतं."

सुई टाक्यातच थांबली. "बर्फात उकडतं व्हय रं?"

चौसाळ्याहून बस पकडायची होती. सोमनाथने बॅग उचलली आणि तिच्या पाया पडला. जॅकेट तिच्या मांडीवरच राहिलं, सुई आणि अर्धा दोरा तसाच लोंबत.