डांगरीवरचा बिल्ला

आखातात, अल नहदातल्या माझ्या शिलाईच्या दुकानात तेलविहिरीवर काम करणारा एक रत्नागिरीकर यायचा. नव्या परदेशी कंपनीने विहिरीत पैसे घातले, की त्याच्या कामाच्या निळ्या डांगरीवरचा जुन्या कंपनीचा कापडी बिल्ला उसवून मी नवा शिवायची. तो उरलेले दोरे हलकेच फुंकायचा. “शेठ बदलला ताई, विहीर तीच,” म्हणायचा.

परवा पुन्हा आला. मी बिल्ला उसवला आणि नव्यासाठी हात पुढे केला.

“नवा नाही. ह्या नव्या शेठना विहीर हवीय, आम्ही नको. खलास. आता गावी आंब्यावर फवारताना घालीन ही.”

दोरे त्याने फुंकलेच नाहीत. सगळी डांगरी विटली होती. इतक्या वर्षांत उन्हापासून वाचला होता तो फक्त बिल्ल्याखालचा चौकोन.