आगटी फोटोपुरती

आमच्या सोलापुरात नवी टूम पाहुण्यासारखी येत नाही, घरजावयासारखी येते. एकदा घुसली की जाण्याचं नाव नाही. मध्यंतरी चीज आलं. सात रस्त्याला आमचं ऑफिस आहे. खाली उतरलं की चीज वडा, चीज डोसा, आणि एका महाभागाने तर कडक भाकरीवर चीज किसून तिचं 'ज्वारी नाचोज' असं बारसं केलं. मी खाऊन पाहिलं. भाकरीची कीव आली.

मग नवरात्रातले रंग. ऑफिसात रोजच्या रंगाची साडी नेसून यायचं, आणि दुपारी जिन्यात फोटो. मोरपिशी रंगाच्या दिवशी मी मुद्दाम चॉकलेटी नेसून गेले, तर आमच्या साहेबीणबाईंनी माझ्या हातात मोबाईल देऊन मला फोटो काढायला उभं केलं. हळदीला सगळे पिवळे, बारशाला फुग्यांची कमान, आणि सगळीकडे तेच एक गाणं, ज्यावर आजोबांपासून नातवापर्यंत सगळे तोच हात तसाच हलवतात. मला राग येत नाही हो, वीट येतो. सलग चार लग्नांत तीच बासुंदी वाढली की जीभ जशी विटते, तसं माझं झालं होतं.

या सगळ्यातून माझी एकच जागा सुटली होती, ती म्हणजे माहेर. श्रीपूरच्या अलीकडे आमचं रान आहे. आईवडील गेल्यावर मी हक्कसोडीवर सही केली आणि ते धाकट्या भावाच्या नावावर झालं. लेकीने रान सोडायचं आणि माहेर राखायचं, अशी आमच्याकडची रीत. ती बरी की वाईट, यावर मी भांडू शकते, पण सही मीच केली. तेव्हा भावाला म्हटलं होतं, "रान तुला. मला वर्षातनं एकदा हुरडा. पण तू चोळून द्यायचा."

"व्हय अक्का, त्यात काय," तो म्हणाला होता.

हुरडा म्हणजे ज्वारीची कोवळी कणसं. आगटीत, म्हणजे खड्ड्यातल्या गोवऱ्यांच्या निखाऱ्यात, ती भाजायची. चटके सोसत तळहातावर चोळायची, फुंकर मारून कूस उडवायची आणि हिरवे दाणे समोरच्याच्या ओंजळीत टाकायचे. चोळणारा आधी खात नाही, देतो. दरवर्षी पौषात मी आगटीपाशी पाय पसरून बसायची आणि भाऊ चोळून द्यायचा. शेंगाची चटणी, गूळ आणि गावातल्या यच्चयावत लोकांची निंदा. माझ्या वाटणीला आलेलं माहेर एवढंच होतं, आणि ते मला पुरत होतं.

गेल्या पौषात गेले, तर बांधावर कमान. कमानीवर 'मातीशी नातं, हुरडा पॉइंट'. एका पोराने माझ्या मनगटाला कागदी पट्टा बांधायला घेतला.

"अरे, मी हितली लेक हाय."

"सगळेच तसं म्हणतात, मॅडम," म्हणत त्याने पट्टा चिकटवला.

आत बैलगाडीची सफर होती. बैल कधीच विकले होते, म्हणून गाडी ट्रॅक्टरला जोडली होती. टँकरच्या पाण्यावर रेन डान्स चालला होता. जेवणाच्या फळ्यावर चीज हुरडा होता. आणि माझा भाऊ, ज्याने स्वतःच्या लग्नातसुद्धा फेटा दहा मिनिटांत काढून खुंटीला अडकवला होता, तो भगवा फेटा बांधून येणाऱ्याजाणाऱ्याला रामराम घालत होता. मला बघून त्याने मलाही तोच रामराम घातला. मग ओळखलं.

"बस अक्का, आलोच," म्हणाला आणि गर्दीत गेला.

मी आगटीपाशी जाऊन बसले. निखारे छान फुलले होते, पण आत एकही कणीस नव्हतं. लोक यायचे, आगटीत काठी घालून हसायचे, फोटो काढायचे, जायचे. शेवटी मी स्वयंपाकाच्या शेडात गेले. भावजय गॅसवरच्या कढईत पाकिटातला हुरडा ओतत होती.

"हे काय गं? आपली ज्वारी उभी हाय की रानात."

"वन्सं, ती फोटूला लागती. तोडली तर लोकांच्या पाठीमागं काय दिसंल?"

ती थट्टा करत नव्हती. माझं डोकं सणकलं. मी सरळ ज्वारीत शिरले, पाच-सहा कणसं मोडली आणि आगटीत खुपसली. माईकवाला निवेदक ओरडला, "मॅडम, डेकोरेशनला हात नको!" मी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने माईकच बंद केला.

भाऊ पळत आला. "अक्का, काय करायलीस?"

"माझा हुरडा भाजतेय. चोळ."

तो इकडेतिकडे बघत खाली बसला. कणीस काढलं, तळहातावर घेतलं आणि "आयोव!" करून टाकून दिलं. रामराम घालून घालून हात मऊ पडले होते. फेटा घसरून कानावर आला. दुसरं कणीस घेतलं, दात दाबून चोळलं, फुंकर मारली. निम्मी कूस तशीच राहिली. तो अर्धवट चोळलेला हुरडा त्याने माझ्या ओंजळीत टाकला. कूस घशात अडकली म्हणून डोळ्यांत पाणी आलं, असं सांगता आलं असतं. पण मला चक्क रडू आलं.

आणि टाळ्या वाजल्या. भोवती मोबाईलचं कोंडाळं झालं होतं. निवेदकाला पुन्हा वाचा फुटली. "ताई, परत एकदा! रडताना तोंड जरा इकडं!" मला वाटलं, भाऊ आता त्याच्या कानाखाली काढेल. त्याने फेटा सरळ केला आणि पुढचं कणीस उचललं. मी उठले, पट्टा तोडून आगटीत टाकला आणि सोलापूरची एसटी धरली.

तो व्हिडिओ खूप फिरला. ऑफिसात साहेबीणबाईंनी मला तो दाखवला आणि म्हणाल्या, "किती ऑथेंटिक!" पुढे वर्षभर मी भावाशी धड बोलले नाही.

परवा त्याचा फोन आला. "अक्का, औंदा लोकं 'भाऊ-बहीण हुरडा' मागायल्यात. तू नुसतं बसायचं."

"माझ्या माहेराला पण तिकीट लावलंस होय रे?"

तो आवाज खाली आणून म्हणाला, "मग तू आदी ये. कमान लागायच्या आदी. हिरीमागच्या तुकड्यात थोडी लवकर पेरलीया."

"कशाला?"

"तुझ्यासाटनं. तिथली ज्वारी फोटूत येत न्हाय."

"येते," म्हटलं. "येताना चीज आणू का?"

त्याने आमच्या वडिलांची ठेवणीतली शिवी हासडली, आणि मला माहेरी पोचल्यासारखं वाटलं.